बारीक वायर

क्रातेउसला सप्टेंबरात सावलीसुद्धा तापते.
अशाच एका दुपारी जोसिव्हानची फियाट उनो
माझ्या पत्र्याखाली येऊन खोकली
आणि गप्प झाली.
मागची सीट नव्हतीच.
तिथे पंधरा इंची चार वूफर,
घरट्यातल्या पिल्लांसारखे, तोंडं उघडून.

"बॅटरीच वाईट निघाली, इव्होनेते. सहा महिन्यांत दुसरी."

बॅटऱ्या वाईट निघत नाहीत, पोरा.
उपाशी मरतात.

जंप देऊन गाडी चालू केली, मीटर लावला.
गाणं बंद असताना चौदा पूर्णांक एक.
"वाजव," म्हटलं.
पहिल्या ठोक्याला बारा.
दुसऱ्याला अकरा पूर्णांक चार.
हेडलाइट मिटायचे, उघडायचे, पुन्हा मिटायचे,
पट्टा किंचाळत होता
आणि इंजिन दर वेळी गुडघ्यात वाकत होतं.

मग त्याला तसंच बसवून सांगितलं
जसं आईने मला पहिल्या पगाराच्या दिवशी सांगितलं होतं:
अल्टरनेटर हा घरातला एकटा कमावता.
पासष्ट अँपिअर आणतो.
त्यातून आधी स्पार्क, पंप, पंखा, दिवे.
उरलं तर बॅटरीच्या गाडग्यात.
आणि तुझा अँप्लिफायर
एका धुम्मला दोनशे मागतो!
सगळ्याची सोंगं आणता येतात,
पैशाचं नाही.
करंटचं तर नाहीच नाही.

शिवाय अर्थ कुठे जोडला होतास? रंगावर.
रंग खरवडून, पत्रा उघडा करून, चकचकीत घासल्याशिवाय
कशाचाच अर्थ लागत नाही, बाबा.

तीन दिवस लागले.
भंगारातल्या एका अँब्युलन्सचा अल्टरनेटर, एकशे सत्तरचा.
अंगठ्याएवढं तांबं, पुढून मागपर्यंत.
बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज,
कारण उन्हाळ्यात पेटलेली एक गाडी मी पाहिली आहे
आणि तिच्या मालकाला अजून रस्त्यात ओळख देत नाही.
आता कितीही वाजव,
दिवे हलायचे नाहीत. पापणीसुद्धा नाही.

शनिवारी रात्री पोती नदीच्या कोरड्या वाळूत
मी माझं काम बघायला गेले. खोटं कशाला सांगू,
थोडी मिरवायलाही गेले.
सगळं गाव गाडीच्या मागे नाचत होतं, धूळ कमरेएवढी.
पुढे, बॉनेटसमोर, वाळूत मांडी घालून
एकटीच बसलेली तायनारा,
जोसिव्हानची बहीण, नऊ वर्षांची, जन्मापासून बहिरी.
टक लावून हेडलाइटकडे बघत होती.
खूप वेळ बघत होती.
मग उठली, दिव्याच्या काचेवर दोन चापट्या मारल्या,
रेडिओ बिघडला की आपण मारतो तशा,
आणि भावाकडे वळून हातांनी काहीतरी म्हणाली.

तो माझ्याकडे बघेना.
"ती म्हणते, गाणं बंद पडलंय."

एकतीस वर्षं मी या लुकलुकीच्या मागे लागले आहे.
प्रत्येक बिलावर तिला दोष म्हणून लिहिलं,
प्रत्येक दोषाचे पैसे घेतले.
त्या रात्री घरी चालत आले,
लिफ्ट देणाऱ्यांना नको म्हणत.

सकाळी कचऱ्याच्या डब्यातून
त्याची जुनी वायर शोधून काढली,
शेवयीसारखी बारीक, जागोजागी टेप लावलेली.
मोठा अँप जाड तांब्यावरच राहू दिला.
धाकटा तेवढा या वायरीवर टाकला, पुढे छोटा फ्यूज,
आणि त्याच वायरीच्या टोकाला
एक जुना बल्ब, ब्रेकलाइटचा,
डॅशबोर्डवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला.

बिलावर लिहिलं:
दोष एक. मुद्दाम ठेवला.
रकमेचा रकाना मोकळा.

आता तायनारा पुढच्या सीटवर बसते.
बल्बमधली तार थंड व्हायला क्षणभर घेते,
म्हणून तिची मान
ठोक्याच्या केसभर मागे हलते,
गावातल्या सगळ्या माना हलून झाल्यावर.